बांदोलची लाल वाइन: घाई असेल तर घेऊ नका

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावरच्या बांदोलचं नाव हल्ली रोझेमुळे (गुलाबी वाइनमुळे) होतं, पण खरा माल लाल. त्यात किमान 50 टक्के मूर्वेद्र द्राक्ष हवं आणि वाइन 18 महिने लाकडी पिंपात मुरायला हवी, हा नियमच आहे. मूर्वेद्र उशिरा पिकतं. ऊन कमी पडलं की चव हिरवट, तुरट. इथल्या दगडी बांधांच्या, उन्हात भाजणाऱ्या पायऱ्यांवर ते निभतं. मिस्त्राल वारा वेली कोरड्या ठेवतो, बुरशी कमी. बाटली उघडताच चामड्याचा, कधी चक्क खुराड्यासारखा वास येतो. घाबरू नका, डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओततात त्या काचेच्या भांड्यात) दोन तास ठेवा, मग काळ्या बेरीची चव वर येते. 16-17 अंशांवर प्या. पाच वर्षांच्या आतली बाटली फोडणं म्हणजे पैसे पाण्यात.