गावनिहाय सरकारी आकडे, आठ महिने वापरून: कोड धरा, नावावर जाऊ नका

यवतमाळ जिल्ह्याच्या तक्त्यात एका पिंपरीची आदिवासी लोकसंख्या तिच्या एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त निघाली, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. मूळ फायलींत चूक नव्हती. एकूण आकडा एका पिंपरीचा आला होता आणि आदिवासींचा दुसऱ्या तालुक्यातल्या पिंपरीचा. हा तक्ता ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या बैठकीत ठेवायचा होता. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. शक्य कोटीतला असता तर कोणाच्याही लक्षात न येता पुढे गेला असता.

जनगणना २०११ चा पीसीए (गावनिहाय लोकसंख्या, साक्षर आणि कामगार यांचा गोषवारा), जिल्हा जनगणना पुस्तिकेतली गावनिर्देशिका, कृषिगणना २०१५-१६, रोजगार हमी योजनेचे (रोहयो) ऑनलाइन अहवाल, मिशन अंत्योदय (गावातल्या सुविधांची सरकारी पाहणी) आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५, हे सगळं कुठे मिळतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच. सगळं फुकट आहे. आठ महिन्यांत खर्च झाला तो फक्त नेटपॅकचा. चार जीबीच्या लॅपटॉपवर अख्ख्या राज्याची फाइल उघडण्याचा हट्ट करू नका, जिल्ह्याची घ्या. तक्त्यांना लिबर ऑफिस पुरतं, नकाशाला क्यूजीआयएस.

आता नावांचं. विदर्भात पिंपरी, खैरी, वडगाव, बोरगाव ही नावं तालुक्यातालुक्यात आहेत. त्यात बुद्रुक कुठे 'बीके', कुठे 'बु.', कुठे गायबच. लोक पांढरकवडा तालुका म्हणतात, जनगणनेत तो केळापूर. बुलडाणा आणि गोंदियाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा जनगणनेत वेगळं आणि लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत, म्हणजे गावं-पंचायतींच्या कोडांच्या सरकारी यादीत, वेगळं. नावावरून व्हीलूकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारं सूत्र) लावला की पहिली सापडलेली पिंपरी उचलली जाते. त्या सूत्रात चौथ्या जागी शून्य टाकायचं राहिलं तर त्याहून वाईट, कारण मग अगदी जुळणारं नाव नसलं तरी जवळपासच्या ओळीचा आकडा गुपचूप येतो. एररसुद्धा दिसत नाही.

उपाय एकच. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड आहे आणि डिरेक्टरीत त्या गावांना तोच कोड ठेवलाय. जोडणी त्याच्यावरच करा. तालुक्याचा कोड पाच आकडी आणि शून्याने सुरू होणारा आहे. फाइल थेट उघडली की पुढचं शून्य उडतं, म्हणून इम्पोर्ट करतानाच तो स्तंभ 'टेक्स्ट' करा. २००१ ची फाइल जोडणार असाल तर कोड वेगळे आहेत. यवतमाळ जिल्हा तेव्हा १४ होता, २०११ मध्ये ५१०. जोडून झाल्यावर दोन तपासण्या कराच: जोडणीआधी आणि नंतर ओळींची संख्या तीच आहे का, आणि गावांची बेरीज तालुक्याच्या ग्रामीण आकड्याशी जुळते का. पीसीएच्या फायलीत जिल्हा, तालुका आणि गाव एकाखाली एक असतात. 'लेव्हल' स्तंभात फक्त 'व्हिलेज' ठेवलं नाही तर तेच लोक दोन-तीनदा मोजले जातात. शून्य लोकसंख्येच्या ओळी म्हणजे रिठी गावं. त्या पुसू नका, फक्त टक्केवारीतून बाजूला ठेवा.

रोहयोचे आकडे ग्रामपंचायतीचे, जनगणनेचे महसुली गावाचे. गट ग्रामपंचायतीत तीन गावं असतील तर आधी त्या तिघांची बेरीज करायची आणि मगच जोडायचं. उलट दिशेने, म्हणजे ग्रामपंचायतीचा आकडा लोकसंख्येच्या प्रमाणात गावांवर वाटून, कधीही करू नका. तो आकडा मग खरा राहत नाही.

टक्केवारीत दोन ठिकाणी जवळजवळ सगळे घसरतात. साक्षरता सात वर्षांवरच्या लोकांत मोजायची असते. समजा गाव १,२४० वस्तीचं आहे, ०-६ वयाची मुलं १६० आणि साक्षर ७५६. १,२४० ने भागलं तर ६१ टक्के येतात, १,०८० ने भागलं तर ७०. बरोबर उत्तर ७०. दुसरं शेतमजुरांचं. फक्त 'मुख्य' शेतमजूर घेतले तर निंदण आणि कापूस वेचणी सोडून ज्यांना काम मिळत नाही अशा बायका गळतात, कारण वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेला माणूस 'सीमांत' स्तंभात जातो. मुख्य आणि सीमांत शेतमजूर एकत्र करा, एकूण कामगारांनी भागा आणि बायकांचं वेगळं काढा. गावनिहाय आकड्यांतून बायकांची मजुरी दिसायला याहून साधी वाट नाही.

अंतराच्या स्तंभाबद्दल मत पूर्ण बदललं. गावनिर्देशिकेत दवाखाना, माध्यमिक शाळा, बस गावात नसेल तर त्यांच्यापुढे नुसती अक्षरं आहेत: 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' पाच ते दहा, 'सी' दहाच्या पुढे. सुरुवातीला हे इतकं मोघम वाटलं की स्तंभच काढून टाकला होता. आता तक्त्यात सगळ्यात आधी तो लागतो. शेतमजुरांचं प्रमाण, बायकांची साक्षरता आणि ही अक्षरं शेजारी-शेजारी ठेवली की, ज्या गावात जमीन कमी त्याच गावातून शाळाही लांब आणि दवाखानाही लांब, हे ओळीत वाचता येतं. तिन्हीकडे तळाला असलेली गावं वेगळी काढा आणि चर्चा तिथून सुरू करा. जिल्ह्याची सरासरी घेऊन बसलात तर काहीच हाती लागत नाही. २०११ मध्ये यवतमाळची साक्षरता ८२.८ टक्के होती आणि राज्याची ८२.३.

मिशन अंत्योदयबद्दल उलटं झालं. २०११ पेक्षा ताजं म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा होता. पण ती माहिती गावपातळीवर भरलेली, मुख्यतः सुविधा आहे की नाही एवढी. ती चालते का, हे त्यात नाही. आता ते फक्त पडताळणीला ठेवलंय. कृषिगणना जिल्हा आणि तालुक्यासाठी चांगली आहे, पण ती वहिवाटीची जोत, म्हणजे प्रत्यक्ष कसली जाणारी जमीन मोजते, म्हणजे भूमिहीन माणूस तिच्यात नाहीच. तिच्यावरून 'अनुसूचित जातींकडे सरासरी इतकी जमीन' असं लिहिलं की ज्यांच्याकडे जमीनच नाही ते हिशेबाबाहेर जातात. आरोग्य सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा आकडा गावाला चिकटवू नका. कंसातले आकडे २५ ते ४९ नोंदींवरचे आहेत, ते वापरताना जपून.

सगळ्यात मोठी उणीव कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. या आकड्यांचं माप महसुली गाव आहे, आणि आपल्याकडची खरी दरी गावाच्या आत आहे. कोलाम आदिवासींची वेगळी वस्ती म्हणजे पोड आणि बंजाऱ्यांचा तांडा बहुतेक वेळा महसुली गावाच्या कोडातच मुरलेले असतात. वरचंच उदाहरण घ्या. १,०८० पैकी गावठाणात ८४० लोक, त्यातले ६७२ साक्षर, म्हणजे ८० टक्के. पोडावर २४०, त्यातले ८४ साक्षर, म्हणजे ३५ टक्के. बेरीज तीच ७५६, टक्के तेच ७०. तक्ता पाहणाऱ्याला हे गाव ठीकठाक वाटेल. हिशेब कल्पित आहे, पण पोड असलेल्या कुठल्याही गावाची ओळ अशीच वाचायला हवी.

तांड्याची अडचण आणखी एक आहे. आपल्या राज्यात बंजारा विमुक्त जातींत येतात, आणि २०११ च्या जनगणनेत स्तंभ आहेत ते फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींचे. रोहयोतही एससी, एसटी आणि बाकी सगळे 'इतर'. म्हणजे आकड्यांत तांडा कुठेच वेगळा दिसत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. पण गावाच्या खालचे, वस्तीनिहाय आकडे बाहेर आले नाहीत तर हा प्रश्न तसाच राहील. ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

तोपर्यंत चालणारी पद्धत अशी. तक्त्यात तळाला आलेल्या गावांबरोबरच, पोड किंवा तांडा असलेली पण सरासरीने बरी दिसणारी गावंही यादीत घ्या. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीतून वस्तीनिहाय फक्त बेरजा मागा: कुटुंबं किती, सहा वर्षांखालची मुलं किती. नावं उतरवून घेऊ नका. रोहयोत काम कमी दिसलं तर 'इथे मागणीच नाही' असं लिहिण्याआधी नमुना ४ (काम मागण्याचा अर्ज) भरून घेतले का आणि तारखेची पोच दिली का, हे वस्तीवर जाऊन विचारा. तोंडी मागितलेलं काम संकेतस्थळावर चढत नाही. आणि पोडाचा रस्ता पावसाळ्यात नाल्याने तुटत असेल, तर 'ए' अक्षरापुढे शेऱ्याच्या स्तंभात किती महिने तुटतो ते लिहा. हा स्तंभ आपणच वाढवायचा आहे.