लिनक्स मिंट: जुन्या लॅपटॉपला झकास, पण आधी आपले फॉन्ट नि प्रिंटर बघा

मिंट म्हणजे उबुंटू नावाच्या लिनक्सच्या पायावर बांधलेली, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम, २००६ पासून चालू आहे. विंडोजवरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी गांगरून जाऊ नये ह्याची काळजी ह्यांनी भरपूर घेतलीय. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ नि वायफाय, सगळं ओळखीच्या जागी. मी २२ वाली आवृत्ती वापरतोय, तिच्यातला सिनॅमन नावाचा डेस्कटॉप. गोव्यात डिचोलीत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, देवस्थानाची पावतीपुस्तकं, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म असं सगळं चालतं. त्यामुळे हा रिव्ह्यू कोड लिहिणाऱ्यांसाठी नाय, रोज मराठीत काहीतरी टाईप करून छापावं लागतं अशा माणसासाठी आहे.

विंडोज सोडायची वेळ का आली ते बहुतेकांना माहीत असेलच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. माझा लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, मशीनला काडीचा आजार नाही, तरी तो ११ ला चालत नाही. वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलीय खरी, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, मग परत तेच. पणजीत एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा लॅपटॉप न उघडताच म्हणाला, "अंकल, आता नवीनच घ्या." पावसाळ्यात धंदा बसलेला असताना नवीनच घ्या!

तर मिंट. फाईल पावणेतीन-तीन जीबीची आहे, त्यामुळे गावातल्या नेटवर रात्री डाउनलोडला लावून झोपायचं, आणि उतरल्यावर चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा, साईटवरच्याशी जुळतो का ते जरूर बघायचं, कारण मध्येच लाईट गेली की फाईल अर्धवट उतरते नि आपण उगाच लिनक्सला शिव्या घालत बसतो. मग विंडोजमधूनच रुफस नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवायची, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा, भाचीच्या बारशाचे फोटो त्यात असतील तर आधी काढा. लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं, दाबत राहिलं की कुठून चालू करू असं विचारतो, तिथे पेन ड्राइव्ह निवडायचा.

इथे मला ह्या सिस्टीमची सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. काहीही इन्स्टॉल न करता, हार्ड डिस्कला हात न लावता, मिंट पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं. थोडं हळू चालतं, त्यावरून स्पीडचा अंदाज बांधू नका, पण वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण बंद करून उघडलं की लॅपटॉप जागा होतो का हे सगळं आधीच कळतं. लोक इथे पाच मिनिटं माऊस फिरवतात नि 'इन्स्टॉल'वर क्लिक करतात. अहो, निदान एक संध्याकाळ बसा! प्रिंटर जोडा, एक पान काढा, आपली नेहमीची वर्डची फाईल उघडून बघा. काही जुन्या ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपना ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, वेगळा लागतो, तसं झालं तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करायचं, मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजर नावाचं मिंटचं स्वतःचं टूल आहे ते बाकीचं बघतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलं तरी तिथूनच.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. विंडोज ठेवून बाजूला मिंट टाकायचं असेल तर तीन कामं आधी विंडोजमध्येच उरकायची: बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घेऊन तो बंद करायचा, फास्ट स्टार्टअप बंद करायचं, आणि डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करायची. मिंटला २० जीबीत भागतं म्हणतात, पण १०० द्या. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, हे सांगायला नको. आणि मधे 'मल्टिमीडिया कोडेक' अशी एक टिक येते ती मारायची, नायतर व्हिडिओ चालत नाहीत म्हणून मग शोधत बसाल.

दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांना एक गंमत दिसेल. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. व्हायरस नव्हे! मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरून चालतं, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत, 'timedatectl set-local-rtc 1' ही एक ओळ टाकली की मिटतं. टर्मिनल टर्मिनल म्हणून लोक जे घाबरवतात ते माझ्या रोजच्या वापरात जवळजवळ ह्या एका ओळीपुरतंच आलं.

आता खरा मुद्दा, मराठी. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर नि नेटवर चालतं त्या मराठीत, टाईप करणाऱ्यांना काही त्रास नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून जायचं, मराठी शोधायचं, दोन-तीन प्रकार मिळतात, इनस्क्रिप्टवाल्यांची बोटं तशीच चालतात कारण मांडणी तीच, आणि फोनेटिक पाहिजे त्यांना कागपा म्हणून एक आहे. इंग्रजी स्पेलिंगसारखं टाईप करायची सवय असेल तर आयबस नावाची सोय टाकावी लागते, ती मिंटच्या इनपुट मेथड्समधून टाकता येते, फक्त तिथल्या सूचना नीट वाचून करा, घाई नको. ह्याच लेआउटवर देवनागरी कोकणी पण होते, आमच्याकडे अर्धी पत्रकं दोन्ही भाषांत असतात त्यामुळे हे महत्त्वाचं.

वर्डच्या जागी लिब्रेऑफिस, ते आधीपासून टाकलेलं येतं. त्यात देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपासून वेगळा धरतात, ऑप्शन्समध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' असं खातं आहे तिथे एकदा मराठी लावून ठेवा. नुसती भाषा हिंदीच्या जागी मराठी केली तर नोटोसारख्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आपोआप आपल्या वळणाचे होतात, पोटात गाठ मारलेला श, पाकळ्यांचा ल. विंडोजवर इतकी वर्षं मी पत्रिकेत हिंदी वळणाचा श चालवून घेत होतो, कुठल्याच गिऱ्हाईकाने कधी विचारलं नाही, पण मला डाचायचं. 'एक टाईप' ह्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट पण फुकट मिळतो, पावतीपुस्तकांना मी तोच वापरतो. दुसऱ्याने मंगल किंवा कोकिला वापरून पाठवलेली वर्डची फाईल मात्र इथे उघडली की ओळी सरकतात, कारण ते फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे, मिंटमध्ये येत नाहीत. तीन पानांचा अहवाल चार पानांचा होतो. देवस्थानच्या सेक्रेटरींना ते काही आवडलं नाही, "अरे बाबा, मी तीनच पानं दिली होती रे तुला." आता मी सगळ्यांकडून पीडीएफच मागतो.

आणि जुन्या फाईल्स? इथे मिंट हात वर करतं, म्हणजे तसा दोष त्याचा नाही. वीस वर्षांपूर्वीची नाटकाची पत्रकं, कमिटीची यादी, हे सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा काला दिसतो. तो टीटीएफ फॉन्ट मिंटमध्ये कॉपी करून टाकला की वाचता येतं, छापताही येतं, इतपत ठीक. पण त्यात नवीन मजकूर टाईप करायला जो कीबोर्डचा प्रोग्राम लागतो तो विंडोजचा, तो इथे नाही. पानं मांडायचं पेजमेकर नाही, चित्रं काढायचं कोरल ड्रॉ नाही. त्यांच्या जागी स्क्रायबस आणि इंकस्केप. इंकस्केप मला आवडलं, लग्नपत्रिकेचं गणपतीचं चित्र, वेलबुट्टी छान होते. स्क्रायबस घेताना १.६ किंवा त्यापुढचं घ्या, २०२४ चं. फार जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं मोडून पडायची. ते मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं, फ्लॅटपॅक असं लिहिलेलं घ्यायचं. शिकायला वेळ लागतो, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही.

प्रिंटरच्या बाबतीत नशिबाचा भाग आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लागणारं एचपीलिप आधीच टाकलेलं असतं, वायर लावली नि नाव आलं. हल्लीचे वायफायवाले बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवायच चालतात. पण छोट्या दुकानांतून अजून चालणारे ते जुने स्वस्त काळेपांढरे लेझर, ज्यांचं सगळं डोकं विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये असतं, त्यातले काही फार छळतात. माझ्याकडचा एक तसाच, मॉडेल सांगत नाही, अजून मिंटकडे ढुंकून बघत नाही. म्हणून परत सांगतो, पेन ड्राइव्हवर असतानाच एक पान काढून बघा.

हिशेबाला टॅली वापरणाऱ्यांनी इकडे वळू नये, ते विंडोजचंच. फोटोशॉपवाल्यांनी पण नको. पोरगा व्हॅलोरंट खेळत असेल तर घरात भांडण होईल, ते चालत नाही. बँक, जीएसटीची साईट, व्हॉट्सॲप वेब, सरकारी फॉर्म हे सगळं फायरफॉक्समध्ये होतं. डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते आधी विचारून घ्या.

रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर सिनॅमनच्या ऐवजी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, दिसायला थोडी साधी पण हलकी. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या लॅपटॉपवर तीच टाकून दिली. ते फक्त पेपर वाचतात, भजनं ऐकतात आणि मुलीला पुण्याला व्हिडिओ कॉल करतात. "ह्यात ते अपडेट होतंय, बंद करू नका असं म्हणत नाही काय रे?" एवढं एकच त्यांनी विचारलं. नाही म्हणत सर. अपडेट मॅनेजर खाली कोपऱ्यात एक ठिपका दाखवतो, आपल्याला वेळ असेल तेव्हा करायचं, गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. माझ्यासारख्याला हे एकच कारण पुरलं असतं.

टाइमशिफ्ट नावाचं मिंटमधलं टूल पहिल्याच दिवशी चालू करा. काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या अवस्थेत परत नेता येते. पण त्यात आपल्या फाईल्स, फोटो, पत्रिका धरलेल्या नसतात, फक्त सिस्टीम. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा, लोक इथे गफलत करतात.

२२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे लॅपटॉपचं कंबरडं आधी मोडेल. घरच्या लॅपटॉपसाठी मी पाचपैकी साडेचार देईन, डीटीपीच्या दुकानासाठी साडेतीन. अर्धा मार्क प्रिंटरने खाल्ला आणि बाकीचा जुन्या फॉन्टनी.

दुकानातला जुना विंडोजचा पीसी मी काढलेला नाही, त्याची नेटची वायर तेवढी काढून ठेवलीय. जत्रा जवळ आली की कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वीची पेजमेकरची फाईल घेऊन येतोच, "फक्त तारीख बदल नि पात्रांची नावं", ते काम त्याच्यावर, त्या छळवाद्या लेझरसकट. नवीन जे काही येतं ते सगळं मिंटवर.