अंतर अचूक, वेळ मात्र तपासून घ्या

लेकीच्या बाळंतपणासाठी एप्रिलात लंडनला जायचं होतं. ह्यांना इन्सुलिन आहे, त्यामुळं मला तिकिटाच्या आधी दोन जेवणांमधले तास हवे होते. ते काढायला दोन विमानतळांमधलं अंतर आणि उडायचा वेळ सांगणारं एक फुकटातलं ॲप मोबाइलवर घेतलं. माझा जन्म भूगोल शिकवण्यात गेला, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घेतली.

अंतरात पैकीच्या पैकी. बेंगळुरू ते हीथ्रो सुमारे 8,040 किलोमीटर. घरात 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. त्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, 19 सेंटिमीटरला किंचित कमी भरला. एका सेंटिमीटरला 425 किलोमीटर धरा, बरोबर जुळतं.

नकाशावरची रेषा बोटानं मोठी करून बघता येते, हे मला फार आवडलं. ती रामदुर्ग आणि बदामीच्या मधून जाते, म्हणजे आमच्याच बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेनं! सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, 445 किलोमीटर आग्नेयेला बेंगळुरू गाठायचं आणि तिथनं उठून परत आपल्याच मुलखावरनं वायव्येला जायचं. बेळगाव ते लंडन सरळ मोजलं तर 7,600 किलोमीटर, आम्हाला पडतात जवळजवळ 8,500. सांबऱ्याहून परदेशी विमान का हवं, हे ही रेषा बघितल्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र ॲप कच्चं आहे. जातानाही नऊ तास पंचावन्न मिनिटं, येतानाही तेवढीच. अंतराला एका ठरावीक वेगानं भागलं की झालं, असा त्याचा हिशेब. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाच्या अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय विमान त्या रेषेवरनंच जातं असंही नाही, कुठल्या देशाचं आकाश टाळायचं त्यावर वळसा ठरतो. आम्हाला जाताना दहा तास चाळीस मिनिटं लागली, येताना साडेनऊ. बेंगळुरूला सहा तास बसलो ते वेगळेच.

खरी चूक घड्याळाची. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात. त्यामुळं एप्रिलात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. ॲपनं हिवाळ्यातला साडेपाच तासांचा फरक दाखवला. मी तो तसाच डॉक्टरांना दिला असता तर ह्यांच्या इंजेक्शनचं वेळापत्रक एका तासानं चुकलं असतं. ज्यांच्या घरी औषधं घड्याळावर आहेत, त्यांनी हे आधी तपासा.

पाचपैकी तीन तारे. नकाशासाठी ॲप ठेवलंय. वेळ तिकिटावरची धरली, डॉक्टरांनी तीवरून तक्ता करून दिला, आणि ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ लंडनला उतरेपर्यंत बेळगावच्याच वेळेवर ठेवलं.