लेसिकनंतर मागे राहिलेला सिलिंडर: सहा महिने वापरल्यावर

लेसिकआधी (चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन) मूळ सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या असमान वक्रतेचा नंबर, -३.००, ॲक्सिस (त्या नंबराची दिशा, अंशांत) १८०. सहा महिन्यांनंतर कागदावर -०.७५, ॲक्सिस १३५. दिवसा अडत नाही, ६/६ची ओळ जराशी ताणून वाचता येते. रात्री मात्र समोरच्या गाडीच्या दिव्याला तिरकी शेपूट फुटते. मान कलती करून बघा. शेपूटही कलली तर दोष डोळ्यातला, जागची हलली नाही तर आधी गाडीची काच पुसा.

पहिल्या तीन महिन्यांतल्या नंबरावर भरवसा ठेवू नये. डोळे कोरडे असतील तर मशीन दर वेळी वेगळा ॲक्सिस दाखवतं. पापणी मिटली की अक्षर स्वच्छ, चार-पाच सेकंदांत पुन्हा धूसर, असं होत असेल तर आधी कोरडेपणा आटोक्यात आणा, नंबर मागाहून.

उरलेला ॲक्सिस बरंच सांगून जातो. जुन्याच ॲक्सिसवर राहिला तर लेझर कमी पडला, ९० अंशांनी पलटला तर जास्त झाला. इथल्यासारखा साधारण ४५ अंश तिरका आला तर लेझरचा ॲक्सिस चुकल्याचा संशय. आडवं झाल्यावर डोळा काही अंश फिरतो, म्हणून बसलेलं असतानाच खूण करतात किंवा मशीन बुबुळाची नक्षी जुळवून घेतं. तीनच्या सिलिंडरला ७ अंशांची चूक झाली की पाऊण नंबर मागे राहतो! जुना सिलिंडर एकचा असता तर पावच राहिला असता, जाणवलाही नसता.

ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या चष्म्यात) उरलेल्या नंबराची काच लावून शेपूट जाते का, हे दुरुस्तीआधी पाहायलाच हवं. पिनहोलमधून (बारीक छिद्रातून) स्पष्ट दिसतं पण काचेने सुधारत नाही, तर पृष्ठभाग ओबडधोबड असू शकतो, मग टोपोग्राफी, म्हणजे त्या पृष्ठभागाचा नकाशा काढायचा. दर तपासणीत सिलिंडर वाढतच असेल तर एक्टेझिया (तो पडदा कमजोर होऊन पुढे फुगणं) नाही ना, हे आधी ठरवायचं, तोवर लेझरचं नाव नको.

नंबर महिन्याच्या अंतराने दोनदा सारखा आला, फ्लॅपखाली (लेसिकमध्ये कापून उचललेल्या वरच्या पातळ पापुद्र्याखाली) किमान २५० मायक्रॉन (बरेच सर्जन ३०० धरतात) जाडी उरत असली, तर दुसरा लेझर शक्य. फ्लॅप नवा असेल तर उचलता येतो. काही वर्षांनी उचलला तर कडेने वरच्या थराच्या पेशी आत शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा वरून पीआरके (फ्लॅप न उचलता पृष्ठभागावरच लेझर) बरं. त्यात दुखणं जास्त आणि नजर बसायलाही वेळ लागतो.

अर्ध्या नंबरासाठी मी कुणालाही परत टेबलावर पाठवणार नाही. पाऊणसाठीही आधी रात्रीच्या ड्रायव्हिंगपुरता चष्मा.