पिंप कुठलं, धूर किती? पाच स्कॉच आणि एक इंदुरी नाक

इंदूरच्या ए. बी. रोडजवळच्या दारूच्या ठेक्यावर मी गेले की काउंटरवरचा मुलगा अजूनही आधी माझ्या मागे बघतो, सोबत कोणी पुरुष आहे का म्हणून. नसतो. मग विचारतो, "मैडम, गिफ्ट के लिए?" मी हो म्हणा, नाही म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला: "बारा साल वाली दूं या अठारा साल वाली?"

दुकानाचं आधी उरकते. मध्य प्रदेशात 2022 पासून देशी-विदेशी एकाच ठेक्यात मिळते, त्यामुळे डावीकडे पव्व्यासाठी झुंबड आणि उजवीकडे काचेमागे सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की), असा थाट. माल अस्सल, सील-होलोग्राम शाबूत, पण बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. खटकतं ते हे, की सगळ्यात महागाच्या बाटल्या पश्चिमेच्या उन्हात, दर्शनी काचेत मांडलेल्या. खोक्यांचा रंगसुद्धा विटलाय. मी आतल्या कपाटातली मागते. मुलगा कुरकुरतो, पण देतो. माल दहापैकी आठ, माहिती शून्य.

कारण वयाच्या आकड्यापलीकडे त्याला काही ठाऊकच नाही. आकडा खोटा नसतो म्हणा. 2009 च्या ब्रिटिश नियमांप्रमाणे स्कॉच ही स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीवरचं वय हे आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं. पण पिंपात आधी काय भरलं होतं आणि बार्ली वाळवताना धूर दिला होता का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय चवीचा पत्ता लागत नाही. माझी सगळी नोकरी पीथमपूरच्या औषध कारखान्यांत, क्वालिटी कंट्रोलला गेली. लेबल वाचून माल पास करायची सवय मला नाही.

आता भांडं. आपल्याकडे व्हिस्की रुंद तोंडाच्या जाड ग्लासात ओततात आणि वास पंख्याच्या वाऱ्यावर सोडून देतात. तोंडाशी निमुळता ग्लास हवा. मी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून 100 मिलीची कोरी शंकूपात्रं आणली आहेत. आमचे हे पाहुण्यांसमोर ती काढू देत नाहीत. पण वास त्यांत इतका छान कोंडतो, की मला दुसरं काही नको. त्यात 30 मिली व्हिस्की आणि चमचाभर साधं पाणी. पाण्याने बिघडते म्हणणाऱ्यांनी ऐकावं: स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकावर मांडून दाखवलं, की धुराचा वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू अल्कोहोल जास्त असलं की आत दडतो आणि पाणी घातलं की पृष्ठभागाशी येतो. म्हणजे नाकाशी. सोड्याचं मात्र मी समर्थन करणार नाही, निदान सिंगल माल्टमध्ये.

पहिली बाटली द ग्लेनलिव्हेट 12. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली. तिच्या संस्थापकाने, जॉर्ज स्मिथने, 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या दरीत पहिला परवाना काढला, शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांनी धमकावलं म्हणून तो पिस्तुलं जवळ बाळगून हिंडायचा. इतक्या मर्दानी इतिहासाची व्हिस्की इतकी गुळमुळीत निघेल असं वाटत नाही. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपाचा व्हॅनिला, हिरवं सफरचंद, थोडं अननस. अमेरिकेत बर्बन दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरवावी लागते, म्हणून वापरलेली पिंपं ढिगाने स्कॉटलंडला जातात आणि हा वास इतक्या बाटल्यांत सापडतो. वाईट काहीच नाही. ज्याला स्कॉच नवीन आहे त्याला हीच द्यावी. फक्त सोबत लवंगी शेव ठेवू नका, दोन घासांत ग्लेनलिव्हेट गायब होते. खारे शेंगदाणे पुरे.

जॉनी वॉकरच्या ब्लॅक लेबलबद्दल आमच्या मंडळींत दोन तट आहेत. सिंगल माल्ट पिऊ लागलेले तिला नाकं मुरडतात. मी नाही. आमच्या इंदुरी जिरावन मसाल्यात हिंग असतो तसा तिच्यात आयला बेटावरच्या कल-ईला डिस्टिलरीचा धूर असतो: नुसता कोणी खात नाही, पण काढून घेतला तर बाकीचं सपाट. ब्लेंड म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांचे माल्ट आणि त्यांत गहू-मक्यासारख्या धान्याची हलकी व्हिस्की, आणि हा मेळ दर वर्षी जसाच्या तसा जमवणं हे काम सोपं नाही. बॅचमागून बॅच तीच चव काढणं काय असतं, ते मला विचारा. दहा माणसं जेवायला असतील, बर्फ आणि सोडा लागणारच असेल, तर मी हीच आणते. शिवाय, धूर आपल्याला झेपतो का हे कळायला ही स्वस्तातली परीक्षा आहे. शेवटच्या घोटानंतर घशात रेंगाळणारी ती राखेची चव आवडली, तर पुढे वाचा.

पण आधी ग्लेनड्रोनॅक 12. ही ठेक्यावरची नव्हे, भाच्याने विमानतळावरून आणलेली. स्कॉटलंडच्या हायलँड भागातली 1826 ची डिस्टिलरी, अल्कोहोल 43 टक्के, आणि पिंपं शेरी नावाच्या कडक स्पॅनिश वाइनची: पेद्रो शिमेनेस आणि ओलोरोसो. पहिली शेरी उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीइतकी दाट आणि गोड. दुसरी कोरडी, अक्रोडाच्या वासाची. शेरी आता स्पेनमध्येच बाटलीबंद होते, त्यामुळे पूर्वी निर्यातीबरोबर आपसूक येणारी पिंपं मिळत नाहीत. व्हिस्कीवाले नव्या पिंपांत मुद्दाम शेरी भरून, मुरवून ती तयार करून घेतात. एवढा खटाटोप, म्हणून शेरीवाल्या बाटल्या महाग.

दिवाळीत फराळाचं ताट समोर असताना आम्ही ही उघडली. शंकूपात्रात नाक घातलं की आधी मनुका, मग अंजीर, मग संत्र्याची साल, आणि सगळ्यात शेवटी जुन्या लाकडी कपाटातला तो कोरडा, किंचित कडवट वास. चमचाभर पाणी घातल्यावर मनुका मागे सरकल्या आणि आलं पुढे आलं. माझ्या जाऊबाई एरवी वासानेच उठून जातात. त्यांनी घोट घेतला, शंकरपाळं तोंडात टाकलं, आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर एकमेकांसाठीच केलेलं दिसतंय." तिखट चिवड्याबरोबर मात्र जमली नाही, लाकडाचा कडवटपणा वर आला. करंजीबरोबर उत्तम. थंडीत मुरैनाच्या तिळाच्या गजकाबरोबर तर विचारूच नका. पाचांत पाहुण्यांची पसंती हिलाच. गडद रंगावर मात्र भुलू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याची परवानगी आहे, काचेतून दिसणारा तांबूसपणा पिंपाचाच असेल असं नाही.

आता लॅफ्रॉइग 10, आणि इथे मी थोडी पाघळणार आहे. आयला बेट, 1815. बेटावर झाडं कमी, पीट मुबलक. दलदलीत हजारो वर्षं साचलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती म्हणजे पीट. तिच्या धुरावर मोड आलेली बार्ली वाळवली की फिनॉल, क्रेसॉल असली सगळी मंडळी दाण्याला चिकटतात आणि गरम पाण्यात कालवणं, आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन, दहा वर्षं पिंप, एवढं सोसूनही टिकतात. लोक या वासाला आयोडिन म्हणतात. मी आयुष्यभर लॅबमध्ये अशा रसायनांच्या बाटल्यांची बुचं उघडली आहेत, हा वास क्रेसॉलच्या कुळातला आहे. सरकारी दवाखान्याची ओली फरशी, ड्रेसिंगचा ट्रे, त्यामागे समुद्राचं मीठ आणि अगदी तळाशी, पाणी घातल्यावरच सापडणारा, व्हॅनिलाचा गोडवा. ह्यांचं म्हणणं, एवढ्यासाठी पैसे कशाला, तुझ्या जुन्या लॅबमध्ये फुकट मिळेल.

मिळणार नाही, कारण लॅबमध्ये तो गोडवा नव्हता. आणि या बाटलीवर माझं थोडं पक्षपाती प्रेमही आहे. बेसी विल्यमसन 1934 मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून तिथे आली आणि राहिली. मालक इयन हंटर 1954 मध्ये वारला तेव्हा डिस्टिलरी तिच्याकडे आली. त्या काळात, त्या बेटावर, त्या धंद्यात बाई! आमच्या कारखान्यात उत्पादन विभागाची खुर्ची बाईला मिळायला किती वर्षं गेली, ते मी पाहिलंय.

तरीही लॅफ्रॉइग कुणाला भेट देऊ नका. दहांतले आठ जण तोंड वाकडं करतात. तिच्याबरोबर मला फक्त निखाऱ्यावर भाजलेलं कणीस पटलं, लिंबू न लावता.

टॅलिस्कर 10 हा मधला मार्ग. स्काय बेटावरची, अल्कोहोल 45.8 टक्के, त्यामुळे पाणी जरा जास्त सोसते. धूर आहे, पण दवाखाना नाही. मीठ, आणि गिळल्यावर घशाच्या मागे काळी मिरी. डिसेंबरात इंदूरच्या सराफा खाऊगल्लीतून गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणले, घरी पुन्हा कुरकुरीत तळले, वर जिरावन आणि लिंबू. त्या तिखटापुढे ग्लेनलिव्हेट पळाली असती, ही मिरीला मिरी लावून उभी राहिली. इंदूरच्या खाण्याला पुरून उरणारी एकच स्कॉच घ्यायची असेल तर ही घ्या. माझं पहिलं मत हिला.

स्कॉटलंडच्या लोलँड आणि कॅम्बेलटाउन भागांतल्या बाटल्यांचं काही लिहीत नाही, आमच्या ठेक्यावर त्या येतच नाहीत.

किमतीही लिहीत नाही. दर एप्रिलला ठेके बदलतात आणि आकडे शिळे होतात. स्कॉचवरचं आयातशुल्क 150 टक्के होतं, जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन करारात ते आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्याचा कर वेगळाच, त्यामुळे लगेच हुरळून जायचं कारण नाही.

आणखी एक. पुस्तकांत लिहितात, खोलीच्या तापमानाला प्या. ती खोली स्कॉटलंडमधली. मे महिन्यात आमच्या सुदामानगरच्या वरच्या मजल्यावर बाटलीच कोमट असते आणि नाकात नुसतं स्पिरिट जातं. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फापेक्षा ते बरं. एरवी अंधाऱ्या कपाटात आणि उभी. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर अल्कोहोल बूच खाऊन टाकतं.

भाचा फेब्रुवारीत पुन्हा येतोय. विमानतळावरून दोनच लिटर आणता येते, म्हणून त्याला ग्लेनड्रोनॅक आणि टॅलिस्कर सांगितल्या आहेत. लॅफ्रॉइग मी इथेच घेईन. आमच्या ठेक्यावर तिला माझ्याशिवाय गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ती कधी संपत नाही.