30 किलो ‘जिवंत’ वाळू

“समुद्रात खाली काच असते काय ओ, सर?”

दुकानदाराच्या या एका प्रश्नापायी माझे साडेसात हजार रुपये गेले, एक मासा गेला, आणि टाकीच्या पुढच्या काचेवर चरे पडले ते वेगळेच. सांगली-मिरजेत कुणी खाऱ्या पाण्याची टाकी लावायच्या विचारात असेल, तर खरेदीला जायच्या आधी हे वाचा.

गोड्या पाण्याचे मासे मी बारा वर्षं पाळतोय. मागच्या वर्षी रीफ टाकीचं, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या टाकीचं, खूळ डोक्यात शिरलं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण 180 लिटर. महिनाभर वाचून मी ठरवलं होतं की तळाला काही घालायचं नाही, नुसती काच ठेवायची (याला बेअर बॉटम म्हणतात). कारण सोपं होतं. उरलेलं खाणं आणि माशांची घाण समोर दिसते, पाणी बदलताना पाइपने ओढून काढता येते. वेव्ह मेकर, म्हणजे लाटा उठवणारा पंप, जोरात लावला तरी वाळूचं वादळ उठत नाही. घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया राहायला दगड असतातच. वाळूचं म्हणाल तर ती दिसते छान, आणि काही माशांना ती हवीच. गोबी मासा तिच्यात बीळ करतो, रास जातीचे काही मासे तर रात्री अंगावर वाळू ओढूनच झोपतात. पण मला सुरुवातीला दोन क्लाउनफिशच ठेवायचे होते, आणि त्यांचं वाळूवाचून काही अडत नाही.

एवढं सगळं पाठ करून गेलो आणि पाच मिनिटांत विरघळलो. दुकानदार बोलायला गोड. वाळू नसली की पीएच घसरतो, मासे बावरतात, आणि “आपली लाइव्ह सँड टाकली की सायकल-बियकल काही लागत नाही, आज वाळू, परवा मासे.” लाइव्ह सँड म्हणजे ते बॅक्टेरिया आधीच वसलेली वाळू, आणि सायकल म्हणजे ते पुरेसे वाढेपर्यंत माशांविना थांबणं. माल थेट बहामाचा, अ‍ॅरागोनाइट, म्हणजे चुनखडीची वाळू, 250 रुपये किलो. दोन इंचाच्या थराला 30 किलो लागेल, हा हिशोब मात्र त्याने बरोबर केला.

खरं तर तिथेच उठायला हवं होतं. याच माणसाने आधी हळू आवाजात “ओरिजिनल कोरल पाहिजे का, समुद्रातलं?” असं विचारलं होतं. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. ते मी नाकारलं आणि कारखान्यात बनवलेले कोरडे दगड घेतले. पण जो माणूस ते विकायला तयार आहे तो वाळूत काय करेल, हे काही डोक्यात आलं नाही.

खरी लाइव्ह सँड सीलबंद पिशवीत, ओलसर येते. मला मिळाली ती पांढऱ्या पोत्यातून, तराजूवर तोलून. “मोठी बॅग फोडून सुट्टी करतो, सर, तुम्हाला स्वस्त पडते.” रंग मळकट पांढरा, मधे मधे काळे कण. पावती मागितली तर चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘मटेरियल 30 किलो’. खाली सही नाही, शिक्का नाही.

त्याच्याच सांगण्यावरून तिसऱ्या दिवशी मासे सोडले. पाचव्या दिवशी अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळं राहायचं सोडून गडद हिरवं झालं. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी ठरतो. टाकी पिकायला, म्हणजे ही सायकल पुरी व्हायला, एरवी चार ते सहा आठवडे लागतात. मी दिले तीन दिवस. लहान क्लाउन सकाळी पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला.

फोन केला तर म्हणे, “नवीन टाकीत होतंय की असं.” आणि बॅक्टेरियाची एक बाटली विकली. मीही घेतली.

बिंग फुटलं ते काच घासायच्या चुंबकाने. वाळूवर तपकिरी थर आला होता. तो नव्या टाकीत येतोच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण चुंबक तळाजवळ फिरवला आणि कर्रर्र आवाज आला. बाहेर काढून बघतो तर त्याला काळ्या कणांची दाढी! बोटाने पुसली तरी निघेना. लहानपणी फुटक्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून कृष्णेच्या घाटावरच्या वाळूत फिरवायचो, तेव्हा अशीच दाढी यायची. आपला दगड सगळा काळा बेसाल्ट, त्याच्या वाळूत लोखंडी कण असतातच. बहामाची वाळू म्हणजे निव्वळ चुनखडी, तिच्यातून चुंबकाला काय मिळणार?

मग स्वयंपाकघरात गेलो. एका वाटीत ती वाळू, दुसरीत ठेचलेला शिंपला (तोही चुनखडीचाच), दोन्हींवर लिंबू पिळलं. चुनखडीवर आंबट पडलं की ती फसफसते. शिंपला फसफसला. वाळू ढिम्म. ही परीक्षा दुकानातच करता येते, अर्ध्या लिंबाचं काम. थोडं फसफसलं म्हणून लगेच भुलू नका मात्र, किनाऱ्यावरच्या वाळूतही शिंपल्यांचा चुरा असतो. लिंबू आणि चुंबक दोन्ही न्या.

पीएचची थापही नंतर कळली. टाकीच्या नेहमीच्या पीएचला खरी अ‍ॅरागोनाइट वाळूसुद्धा फारशी विरघळत नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, सांभाळतं ते मीठ आणि वरून घातलेले डोस.

चुंबक आणि वाटी घेऊन दुकानात गेलो. गडी जराही ओशाळला नाही. “मग बेअर बॉटम करा की सर, आता सगळे तेच करतात. फक्त वेव्ह मेकर मोठा लागंल.” 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचं मनात होतं, पण हातात काय, तर ‘मटेरियल’. तुम्ही पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘अ‍ॅरागोनाइट’ हा शब्द लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर तेच उत्तर समजा.

वाळू काढायला दीड महिना गेला. एकदम ढवळली तर खालची घाण पाण्यात मिसळते, म्हणून दर रविवारी पाणी बदलताना एकेक पट्टा पाइपने ओढला. दगड वाळूवरच रचले होते, तेही उचलावे लागले. दगड आधी काचेवर बसवून मग भोवती वाळू घालतात, हे सुद्धा मला तेव्हाच कळलं.

आता तळ उघडा आहे. फक्त एका कोपऱ्यात हिची काचेची पुडिंगची वाटी ठेवलीय, आणि तिच्यात सीलबंद पिशवीतली, लिंबाने तपासलेली, किलोभर वाळू. गेल्या महिन्यात पिवळा गोबी आणला. तो दिवसभर त्या वाटीतली वाळू तोंडाने भरून बाहेर थुंकत असतो, आणि रविवारी मी ती परत वाटीत भरतो.