विरळ दाढी: वाढवून झाकायची की बारीक ठेवायची?

माझ्या मावसभावाचं लग्न यंदा तुळशीचं लग्न उरकलं की लगेच आहे. हॉल ठरला, बँड ठरला, आणि नवरदेवाला चिंता एकच, दाढीची. हनुवटी आणि मिशी दाट, पण तोंडाच्या कोपऱ्याखाली दोन्हीकडं बोटभर मोकळी जागा. उजव्या गालावर तर पेरणी झाली पण उगवलंच नाही अशी पट्टी. माझीही अशीच आहे. दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं करून बघितलेत, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजतो.

आधी एक काम करा. सकाळचं ऊन खिडकीतून आडवं येतं तेव्हा आरशात गाल बघा. मोकळ्या जागेत बारीक भुरी लव दिसली तर तिथं मुळं आहेत. वय विशीतलं असेल तर ती पुढं राठ होऊ शकते. कित्येकांची दाढी तिशीपर्यंत भरत जाते. कातडी अगदी गुळगुळीत असेल तर तेल चोळून काही होणार नाही. आणि चांगल्या भरलेल्या दाढीत अचानक रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग पडला तर ती चाई असू शकते. मग वाढवू की कापू हा प्रश्नच नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यांचं गाव मिरज शेजारी असताना सांगलीकरानं त्यासाठी सलूनवाल्याला विचारत बसू नये.

वाढवायची बाजू माझ्या मते जड आहे. दाढी महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे दोन महिन्यांत गालावरचे केस दोनेक सेंटिमीटर होतात आणि खाली वळून बोटभर फट झाकतात. फट भरत नाही, तिच्यावर छप्पर येतं. पण त्याआधी तिसरा ते पाचवा आठवडा काढावा लागतो. खाज सुटते, आई रोज ‘आजारी दिसतोस’ म्हणते, ऑफिसात कुणीतरी ‘काय भावा, सुतक आहे का?’ विचारतं. बहुतेक जण इथंच वस्तरा हातात घेतात.

मी तेही निभावलं आणि पाचव्या आठवड्यात घात झाला. सलूनमध्ये ‘फक्त गळ्याखालचं काढा’ म्हणालो आणि मोबाईल बघत बसलो. त्यानं प्रेमानं गालावरची रेघ बोटभर खाली कोरून दिली. छप्परच गेलं, फट तशीच उघडी. तेव्हापासून गालाला हात लावू देत नाही. कंठमण्याच्या दोन बोटं वर रेघ, त्याखालचं साफ, बस्स. अंघोळीनंतर दाढी ओलसर असताना तेलाचे तीन-चार थेंब आणि कंगवा वरून खाली. तेलानं केस मऊ होतात, खाज कमी होते. नवे केस उगवत नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

बारीक ठेवण्यात वाट बघणं नाही, हा मोठा फायदा. दाट भाग लांब आणि फट मोकळी, असं असलं की फरक डोळ्यात भरतो. म्हणून गालावर ट्रिमर 2 मिमीवर, हनुवटीवर 4 वर. लोकांची नजर हनुवटीवर जाते. पण दर तीन-चार दिवसांनी ट्रिमर हातात घ्यावा लागतो, आणि गोऱ्या माणसाची फट तरीही थोडी दिसते. गाल फारच रिकामे असतील तर सरळ फ्रेंच ठेवावी. एप्रिलच्या उन्हात हेल्मेटचा पट्टा घासतो तेव्हा हीच सुखाची.

‘वस्तरा मारत राहा, दाट येईल’ हे आजोबांचं मत. मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेनं 1928 सालीच मोजून दाखवलं की भादरल्यानं केस जाडही होत नाहीत आणि जास्त वेगानंही वाढत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच.

राहिलं मिनॉक्सिडिल. मुळात रक्तदाबाचं औषध, नंतर डोक्याच्या केसांसाठी आलं. दाढीला लावणं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. लव असलेल्यांना फायदा होऊ शकतो, पण तीन-चार महिने रोज लावून. दिवसाला 2 मिली धरलं तर 60 मिलीची बाटली महिन्यात संपते. कातडी कोरडी पडते, खाजते; छातीत धडधडलं तर लगेच बंद करून डॉक्टरांना गाठायचं. घरात मांजर असेल तर तिला गाल चाटू देऊ नका, तिच्यासाठी ते विष आहे. दाढीचं रोपण हा तर वेगळाच खर्च: लावलेले केस आधी गळतात आणि खरा चेहरा दिसायला वर्ष जातं. दिवाळीनंतरच्या लग्नाला त्याचा उपयोग नाही.

भावाच्या हातात तीन महिने आहेत. त्याला सांगितलंय, दसऱ्यापर्यंत गालाला ब्लेड लावू नकोस. तेव्हाही फट उघडीच दिसली तर 2 आणि 4 वर ये, ते अर्ध्या तासाचं काम. उलटं मात्र जमत नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूनं नाही: हळद. आमच्या सांगलीची हळद लांब दाढीत मुळापर्यंत बसते, आणि फटीतली कातडी दोन दिवस पिवळीधमक दिसते. त्या सकाळी आधी खोबरेल चोपडून बस, असं मावशीनंच त्याला बजावलंय.